पडदा कोणत्या कोनात लावावा?

नवा मॉनिटर मेजावर येऊन बसला, त्याच्या तारा जोडून झाल्या आणि दोनचार दिवसांच्या वापरानंतर मान अवघडू लागली, म्हणजे सामान्य गृहस्थ जो प्रश्न विचारतो तो असा : हा पडदा किती उंच लावावा, किती कलता ठेवावा, आणि एकदा मनासारखा ठेवला तरी संध्याकाळपर्यंत तो पुन्हा खाली का झुकतो? दुकानदार पहिल्या भागाला ‘डोळ्यांच्या रेषेत’ असे मोघम उत्तर देतो, दुसऱ्या भागाला उत्तरच देत नाही, आणि तिसऱ्यासाठी स्क्रू आवळून घेण्याचा सल्ला देऊन मोकळा होतो. वास्तविक या सर्व चौकशीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती ही, की कोन एकट्या पडद्याला नसतो. तो डोळा, पडदा आणि दिवा या तिघांच्या परस्परसंबंधातून ठरतो. या तिघांपैकी डोळा दिवसभर हलत असतो, आणि सूर्यालाही दिव्यांच्या यादीत घातले तर दिवाही हलत असतो. मग पडद्याने मात्र एका जागी खिळून राहावे, असा आग्रह धरण्यात फारसे स्वारस्य उरत नाही.

१. नजरेची उतरण

मान ताठ ठेवून, कशाकडेही मुद्दाम न पाहता बसलेल्या माणसाची नजर क्षितिजाला समांतर नसते, ती स्वभावतःच थोडी खाली उतरलेली असते. ही उतरण व्यक्तिपरत्वे कमीअधिक असली, तरी अर्गोनॉमिक्स म्हणजे काम आणि शरीर यांचा मेळ घालणाऱ्या शास्त्राचे अभ्यासक व्यवहारासाठी ती १५ अंश धरतात, आणि पडद्याचा मध्य डोळ्यांच्या पातळीपासून १५ ते २० अंश खाली असावा असे सांगतात. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनातही हाच आकडा आहे, आणि डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर तेथे २० ते ४० इंच, म्हणजे साधारण ५० ते १०० सेंटिमीटर, इतके दिलेले आहे.

याच मार्गदर्शनात दुसरा एक नियम असतो, तो असा की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावी. हे दोन नियम एकत्र वाचणाऱ्याला त्यांचा मेळ कसा बसतो अशी शंका येते, आणि ती आकडे मांडून पाहिल्याखेरीज फिटत नाही. २४ इंची रुंद मॉनिटरचा पडदा सुमारे ३० सेंटिमीटर उंच असतो. वरची कड डोळ्यांच्या पातळीवर ठेवली की त्याचा मध्य १५ सेंटिमीटर खाली येतो, आणि आपण ६० सेंटिमीटरवर बसलो असलो तर ही उतरण चारास एक, म्हणजे सुमारे १४ अंश, इतकी भरते. दोन्ही नियम एकाच ठिकाणी येऊन मिळाले. परंतु ३२ इंची मॉनिटर घेतला तर त्याची उंची ४० सेंटिमीटर असल्यामुळे त्याच अंतरावरून उतरण १८ अंशांवर जाते, आणि ती पुन्हा १५ वर आणायची तर खुर्ची किंवा पडदा मागे सारून अंतर ७५ सेंटिमीटर करावे लागते. म्हणजे मोठ्या पडद्याचा खर्च खोलीच्या क्षेत्रफळातूनही वसूल होतो. लॅपटॉपचा मामला याहून बिकट. ७५ सेंटिमीटर उंचीच्या मेजावर ठेवलेल्या लॅपटॉपच्या पडद्याचा मध्य डोळ्यांपासून ३० सेंटिमीटर खाली आणि ५५ सेंटिमीटर पुढे धरला, तर नजरेला जवळजवळ २९ अंश उतरावे लागते. तेवढे काही डोळे एकटे उतरत नाहीत, ते मानेला बरोबर घेऊन जातात, आणि चारपाच किलोंचे मस्तक पुढे कलले की त्याचा सगळा भार मानेच्या मागील स्नायूंना तोलून धरावा लागतो.

येथे चाळिशी लागलेल्यांसाठी वेगळे कलम घालणे प्राप्त आहे. ज्यांच्या चष्म्याच्या भिंगात वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असतो, त्यांना पडद्यावरील अक्षर भिंगाच्या खालच्या भागातूनच स्पष्ट दिसते, आणि म्हणून पडदा उंच असला की ही मंडळी नकळत हनुवटी वर उचलून दिवसभर बसतात. अशा गृहस्थाला ‘डोळ्यांच्या रेषेत’ हा सल्ला देणे म्हणजे त्याच्या मानेशी वैर धरणे होय. त्याच्यासाठी पडदा चांगला खाली उतरवून मागे अधिक कलता करावा, किंवा संगणकाच्या अंतरापुरता एक स्वतंत्र नंबरचा चष्मा करून घ्यावा. आणि मेज दोघांनी मिळून वापरायचे असेल, एक सव्वीस वर्षांचा आणि दुसरा छपन्न वर्षांचा, तर मग पडदा सहज वरखाली होणारा असण्याला पर्यायच नाही.

२. बंद पडद्याची परीक्षा

उंची ठरली की कल ठरवावयाचा. नियम साधा आहे : नजर पडद्याच्या मध्यावर काटकोनात पडली पाहिजे. नजर १५ अंश उतरत असेल तर पडद्यालाही वरच्या कडेने १५ अंश मागे कलावे लागते. असे केल्याने पडद्याची वरची आणि खालची कड डोळ्यापासून सारख्या अंतरावर येते, आणि वरची ओळ वाचून खालच्या ओळीवर येताना डोळ्याच्या भिंगाला आपली जुळणी बदलावी लागत नाही.

हा काटकोन मोजण्यासाठी कोनमापक आणण्याची काहीच गरज नाही. मॉनिटर बंद करावा, नेहमीच्या पद्धतीने खुर्चीत बसावे, पाठ टेकवावी, आणि काळ्या पडद्याच्या बरोबर मध्यावर पाहावे. तेथे आपले डोळे आपल्याकडे पाहत असतील तर काटकोन साधला. त्या ठिकाणी गळा किंवा सदऱ्याची गुंडी दिसत असेल तर पडदा अधिक मागे कलवावा लागेल. कपाळावरचे केस किंवा त्याच्याही वरची भिंत दिसत असेल तर तो पुढे घ्यावा लागेल. चेहरा बाजूला सरकलेला दिसला तर पडदा डावीउजवीकडे वळवावा. पडदा चकचकीत नसून खरखरीत असला, तर चेहरा धूसर दिसेल, पण दिसेल. नच दिसला तर पडद्याच्या मध्यावर एक लहान सपाट आरसा चपटा धरावा. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे, आणि ती मी कोणत्याही पुस्तकी कोष्टकाहून अधिक विश्वसनीय समजतो, कारण ती त्या माणसाच्या स्वतःच्या उंचीवर, त्याच्या स्वतःच्या खुर्चीत घेतली जाते.

३. १७८ अंशांचा दाखला

मॉनिटरच्या खोक्यावर पाहण्याचा कोन म्हणून छापलेला ‘१७८ अंश’ हा आकडा वाचून पुष्कळांची अशी समजूत होते, की एवढा विस्तीर्ण कोन असताना पडदा कसाही लावला तरी चालेल. या आकड्याची व्याख्या पाहिली की ती समजूत टिकत नाही. समोरून पाहिले असता पडद्यावरील शुभ्र रंग हा काळ्या रंगाच्या साधारण हजारपट उजळ असतो. बाजूला सरकत गेले की हे प्रमाण घसरत जाते, आणि घसरत घसरत ते दहापटीवर येईपर्यंतचा जो कोन, तो खोक्यावर छापतात. म्हणजे हजारावरून दहावर आलेल्या चित्रालाही कारखानदार ‘दिसते’ असा दाखला देतो. दिसते हे खरे, वाचता येईल याची हमी मात्र त्यात नाही.

रंग असे का ढळतात? पडद्याच्या काचेमागे द्रव-स्फटिकांचा पातळ थर असतो. हे द्रव-स्फटिक १८८८ साली फ्रीड्रिख राइनित्सर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलपासून केलेल्या एका पदार्थात प्रथम आढळले. विजेच्या दाबाने त्यांचे रेणू आपली दिशा बदलतात आणि मागून येणारा प्रकाश अडवितात किंवा सोडतात; परंतु तिरप्या वाटेने जाणाऱ्या किरणाला तोच रेणू वेगळ्या बाजूने भेटतो, आणि म्हणून त्याचा निवाडाही वेगळा होतो. स्वस्तातल्या टीएन जातीच्या पडद्यात हे रेणू दाब पडताच उभे राहतात, त्यामुळे खालून पाहिले असता छायाचित्रातील उजळ भाग काळवंडतो आणि कधीकधी चित्र उलटेच भासते. हिताचीने १९९० च्या दशकाच्या मध्यास बाजारात आणलेल्या आयपीएस जातीत रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात, म्हणून तेथे रंग बराच टिकतो. टीएन पडदा डोळ्यांहून उंच टांगू नये, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

४. दिव्याची वाट

आता तिसरा घटक, दिवा. आरसा जितके अंश कलवावा त्याच्या दुप्पट अंशांनी त्यातला परावर्तित किरण वळतो, हा शाळेत शिकलेला नियम येथे उपयोगी पडतो. कारण पडद्याची काच हा एक अंधुक आरसाच आहे.

हिशेब असा. पडद्याचा मध्य जमिनीपासून १०० सेंटिमीटरवर आहे आणि नजर १५ अंश उतरून त्यावर पडते आहे. पडदा १५ अंश मागे कललेला असताना, दुसऱ्या कलमात सांगितल्याप्रमाणे, आपल्याला आपलाच चेहरा दिसेल. तो १० अंशांवर आणला तर किरण ५ अंशांच्या दुपटीने, म्हणजे १० अंशांनी, खाली वळेल आणि चेहऱ्याऐवजी गळा दिसेल. उलट तो २० अंशांवर नेला तर किरण १० अंशांनी वर जाईल, म्हणजे क्षितिजाशी २५ अंशांचा कोन करून आपल्या डोक्यावरून मागे निघेल. मागची भिंत पडद्यापासून २४० सेंटिमीटरवर असेल, तर तो किरण तेथे पोहोचेपर्यंत सुमारे ११२ सेंटिमीटर चढलेला असेल. १०० अधिक ११२ मिळून २१२ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ सात फूट. आपल्याकडील खोल्यांत ट्यूबलाइट भिंतीवर नेमकी याच उंचीच्या आसपास लावण्याची वहिवाट आहे! आपल्या पाठीमागच्या भिंतीवरील ट्यूब पडद्यात पांढरा पट्टा होऊन का बसते, याचे उत्तर या दोन ओळींच्या बेरजेत आहे, आणि पडदा पाचच अंश पुढे घेतला की ती का नाहीशी होते याचेही.

आपले स्वतःचे शरीर हा परावर्तनावरचा सर्वांत स्वस्त इलाज होय, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. काटकोनात लावलेल्या पडद्याच्या मध्यभागातील किरण आपल्या चेहऱ्यावर आणि छातीवर येऊन थांबतो. मागे ट्यूब असो वा खिडकी, मधला भाग आपल्या सावलीत राहतो. गडद रंगाचा सदरा घालून बसणाऱ्याला पांढऱ्या सदऱ्यापेक्षा पडदा थोडा स्वच्छ दिसतो तो यामुळेच.

पश्चिमेची खिडकी मात्र याला दाद देत नाही. माझ्या परिचयातील एका करसल्लागारांची कचेरी पुण्यात आहे, आणि त्यांची पाठ पश्चिमेच्या खिडकीकडे असे. मार्चअखेरीची गर्दी आणि दुपारी पाचच्या सुमारास २५ अंशांवर उतरलेला सूर्य ही दोन्ही संकटे त्यांच्यावर एकाच वेळी चालून येत. पडदा पुढे घेतला की सूर्य मध्यातून निघे आणि अर्ध्या तासाने कडेच्या आकड्यांवर येऊन बसे. मग खिडकीचे पडदे ओढून दिवे लावावयाचे, असा रोजचा क्रम चालू होता. शेवटी मेज तेथेच ठेवून त्यांनी मॉनिटर आर्मवर, म्हणजे पडदा हवेत तोलून धरणाऱ्या सांधेदार हातावर, घेतला आणि खुर्ची मेजाच्या लहान बाजूस नेली, त्यामुळे खिडकी पाठीमागून उजव्या हाताला आली. खिडकी समोर असली तर डोळे दिपतात, मागे असली तर पडदा दिपतो. ती बाजूला असली म्हणजे पडद्याची सपाटी खिडकीच्या काचेशी काटकोन करते आणि दोन्ही तक्रारी मिटतात. ज्याला मेज हलविण्याची मुभा आहे त्याने आधी मेज हलवावे. कोनांची सगळी विद्या त्यानंतरची.

५. वजनाचा तोल

येथवर कोन ठरला; आता तो धरून कोणी ठेवावयाचा, हा प्रश्न. जुन्या काचनळीच्या मॉनिटरचे वजन पंधरा-वीस किलो असे, आणि त्याला मेजावर बसविण्याखेरीज गत्यंतर नव्हते. चपट्या पडद्याचे वजन तीन ते सहा किलोंवर आले, तेव्हा त्याला हवेत अधांतरी धरण्याची कल्पना सर्वसामान्य मेजापर्यंत पोहोचली.

कोकणात उथळ विहिरीवर एक खांब रोवून त्यावर आडवे लांब लाकूड टाकलेले असते. त्याच्या एका टोकास पोहरा टांगलेला आणि दुसऱ्या टोकास दगड बांधलेला असतो, आणि त्या दगडाच्या भरवशावर भरलेला पोहरा एखादे पोरही वर आणू शकते. मॉनिटर आर्मचे तत्त्व तेच. फरक इतकाच की मेजामागे पाच किलोंचा दगड झुलत ठेवण्यास जागा नसते, म्हणून दगडाचे काम स्प्रिंगकडे सोपवावे लागते, आणि स्प्रिंगची खोड अशी की ती जितकी ताणावी तितकी अधिक जोराने ओढते, तर पडद्याचे वजन मात्र वर असो वा खाली, तेवढेच राहते. हा विसंवाद मिटविण्याचे श्रेय जॉर्ज कारवर्डाइन या इंग्रज अभियंत्याकडे जाते. मोटारगाड्यांच्या स्प्रिंगांवर काम करणाऱ्या या गृहस्थाने स्प्रिंगा आणि दांडे अशा प्रमाणात जोडले, की ओढ वाढली तरी तिची तरफ तितक्याच प्रमाणात आखूड व्हावी आणि दोहोंचा गुणाकार वजनाला नेमका तोलून धरावा. १९३२ साली त्याने याचे पेटंट घेतले, आणि रेडिच गावच्या हर्बर्ट टेरी या स्प्रिंग बनविणाऱ्या कारखान्याने त्यातून अँगलपॉइज नावाचा मेजावरचा दिवा बाजारात आणला. बोटाने ढकलावा तेथे जाणारा आणि सोडावा तेथे राहणारा तो दिवा हा आजच्या मॉनिटर आर्मचा पूर्वज आहे.

आजच्या आर्ममध्ये पोलादी स्प्रिंगेऐवजी बहुधा गॅस-स्प्रिंग असते : बंद नळकांड्यात दाबून भरलेला नायट्रोजन, त्यात सरकणारा दट्ट्या, आणि हालचाल धीमी करण्यासाठी थोडे तेल. कचेरीतल्या खुर्चीला वर उचलणारी आणि मोटारीचा मागचा दरवाजा उघडा धरून ठेवणारी वस्तू हीच. आर्मच्या वरच्या भागात एक स्क्रू असतो, तो एलन कीने फिरविला की स्प्रिंगेचे टोक सरकते आणि तिची तरफ कमीअधिक होते. पडदा आपोआप वर जाऊ लागला तर जोर कमी करावा, खाली बसू लागला तर वाढवावा. आणि एका बोटाने हलून सोडल्या जागी राहिला की थांबावे. आर्म विकत घेताना त्याच्या कमाल वजनाकडेच सर्वांचे लक्ष जाते, किमान वजनाकडे कोणाचेच जात नाही. दोन किलोंचा हलका मॉनिटर जड कामाच्या आर्मवर लावला, तर तो स्क्रू पुरता सैल केला तरी वरच राहतो.

आर्मच्या या स्प्रिंगवाल्या भागात बाहेरून एकच दांडा दिसला तरी आत दोन समांतर दांडे असतात, आणि पुढच्या-मागच्या सांध्यांसह त्यांचा समांतरभुज चौकोन होतो. त्यामुळे आर्म वरखाली झाला तरी पडद्याचा कल बदलत नाही. मोठ्या कष्टाने साधलेला काटकोन उंची बदलताना बिघडू नये, याची ही तजवीज आहे.

६. झुकणारा सांधा

तरीही पडदा झुकतो, तो कोठे? उंची सांभाळणारी स्प्रिंग आपले काम चोख करीत असते. झुकतो तो पडद्यामागचा कलाचा सांधा, ज्याला स्प्रिंगेचा आधार नसून केवळ घर्षणाचा असतो. पडद्याचा गुरुत्वमध्य या सांध्याच्या चारपाच सेंटिमीटर पुढे असतो, आणि पाच किलो गुणिले पाच सेंटिमीटर म्हणजे २५ किलो-सेंटिमीटरचा पीळ त्या सांध्यावर अहोरात्र पडत राहतो. म्हणून वेळोवेळी तेथील स्क्रू आवळणे हाच त्यावर उपाय. दुकानदाराचा सल्ला एवढ्यापुरता बरोबर होता. मात्र आवळणीलाही मर्यादा हवी. हत्यार आणल्याखेरीज जो कोन बदलता येत नाही, तो बदलता असूनही नसल्यासारखाच.

मॉनिटरच्या पाठीवर चार भोके असतात, त्यांच्यातील अंतर बहुधा ७५ किंवा १०० मिलिमीटर असते; व्हेसा या संस्थेने ठरवून दिलेले हे माप असल्यामुळे एकाचा पडदा दुसऱ्याच्या आर्मवर बसतो. त्यांत ४ मिलिमीटर जाडीचे, एम-४ जातीचे, स्क्रू लागतात. पेटीतले हरवले म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून लांब स्क्रू आणून पिळू नये. तो आतल्या भागांपर्यंत पोहोचतो.

७. मेजाची कड की भिंत

आर्मची सोय फुकट मिळत नाही; तिची किंमत मेजाची कड भरते. पाच किलोंचा मॉनिटर ५० सेंटिमीटर पुढे ओढून घेतला तर पीळ २५० किलो-सेंटिमीटर होतो. हा पीळ आर्मला मेजाच्या कडेशी पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पला आपल्या सहा सेंटिमीटर खोल पकडीत सोसावा लागतो, म्हणजे फळीच्या वर आणि खाली सुमारे ४२ किलोंचा जोर पडतो. सुतार फळीची कड बोटाच्या पेराने ठोकून पाहतो आणि पुढे आपल्या हत्याराकडे वळतो किंवा मान हलवितो, त्याचे कारण हे. चांगल्या १९ मिलिमीटर प्लायवूडला हा जोर जाणवत नाही. भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डची कड मात्र काही महिन्यांत चुरते. तेथे क्लॅम्पखाली आणि वर पोलादी पट्टी किंवा प्लायवूडचा रुंद तुकडा घालून जोर पसरवावा. काचेच्या मेजावर क्लॅम्प लावूच नये. आणखी एक : आर्म दुमडला की त्याचे कोपर मागे निघते, म्हणून भिंतीला चिकटवलेले मेज थोडे पुढे ओढावे लागते.

भिंत अधिक सोशिक असते. तिच्यावर बसविलेल्या आर्मच्या पट्टीच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमध्ये १५ सेंटिमीटर अंतर असले, तर तोच २५० चा पीळ वरच्या स्क्रूला केवळ १७ किलोंनी ओढतो. अट एवढीच, की स्क्रू धरून ठेवणारी गिट्टी प्लॅस्टर ओलांडून विटेत गेली पाहिजे, आणि दोन विटांमधल्या दर्जेत पडता कामा नये. ही गिट्टी म्हणजे जॉन रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराने १९११ च्या सुमारास काढलेल्या युक्तीची वंशज. त्याची मूळ गिट्टी तागाच्या तंतूंची, जनावराच्या रक्ताने चिकटविलेली असे. आजचे नायलॉनचे रूप तिला जर्मनीतील आर्टुर फिशरने १९५८ साली दिले. नव्या इमारतींतील हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतींत साधी गिट्टी सैल होते, तेथे त्यासाठीच केलेली लांब जात मागून घ्यावी. आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूने ड्रिल हाती घेण्यापूर्वी घरमालकाची परवानगी घ्यावी, नपेक्षा अनामत रकमेतून त्या चार भोकांचा हिशेब होतो.

८. तारा आणि उतरवणी

विजेची आणि चित्राची तार आर्मला बांधण्यापूर्वी तो पूर्ण वर, पूर्ण खाली आणि दोन्ही बाजूंस टोकापर्यंत फिरवून पाहावा. प्रत्येक सांध्यापाशी तारेला एक सैल वळसा राहील अशा बेताने मगच ती पट्ट्यांत अडकवावी. आणि मॉनिटर काढावयाचा झाला तर आर्म आधी सर्वांत वर न्यावा. वजन निघताच दाबलेली स्प्रिंग मोकळी होऊन आर्म उसळतो, आणि त्या वेळी चारही स्क्रू काढण्यासाठी वाकलेल्या माणसाची हनुवटी बहुधा त्याच्या वाटेतच असते.